पडद्यावरील अंध आणि पडद्यासमोरील अंध

भगवद्गीतेचा प्रारंभ एका अंध मनुष्याच्या प्रश्नाने होतो. ही गोष्ट आपल्या समाजातील लहान मुलासही ठाऊक असते. परंतु तो प्रश्न अंधाचा आहे, याकडे आपले लक्ष क्वचितच जाते. कुरुक्षेत्रावर दोन्ही सैन्ये उभी आहेत, आणि राजवाड्यात बसलेला धृतराष्ट्र संजयास विचारतो की, माझ्या व पांडूच्या पुत्रांनी तेथे काय केले? तो विचारतो म्हणून संजय बोलतो, आणि संजय बोलतो म्हणूनच कृष्णार्जुनांचा संवाद आपल्या कानी पडतो. ज्यास दिसत नव्हते त्याच्यासाठी केलेले वर्णन डोळस जग अनेक शतके ऐकत आले आहे.

प्रस्तुत लेखाचा विषय मात्र पुराणकाळचा नाही. आज घरोघरी सायंकाळी दूरचित्रवाणीसमोर जे कुटुंब जमते, त्यास अधूनमधून एखादे अंध पात्र भेटते. ते पात्र कसे रंगविलेले असते, आणि त्याच पडद्यासमोर एखादा खराखुरा अंध मनुष्य बसलेला असेल तर त्याच्या वाट्यास काय येते, असे हे दोन प्रश्न आहेत. वरवर पाहता ते वेगळे वाटतात. परंतु पहिल्याचे उत्तर दुसऱ्यावर अवलंबून आहे, असे माझे मत आहे. आणि ते मत जर्मनीतील म्युनिक नगरीच्या उदाहरणाने वाचकांपुढे मांडावे, असा माझा हेतू आहे.

आरंभ आपल्या घरापासून करू. बी. आर. चोप्रा यांची 'महाभारत' ही मालिका भारताच्या दूरदर्शनवर १९८८ च्या ऑक्टोबरात सुरू झाली आणि १९९० च्या जूनमध्ये संपली. तिचे ९४ भाग झाले. गिरिजा शंकर यांनी धृतराष्ट्राची व रेणुका इसरानी यांनी गांधारीची भूमिका केली. भारतात तर ती मालिका पाहिली गेलीच, परंतु सातासमुद्रांपलीकडे स्थायिक झालेल्या भारतीय वंशजांच्या घरांतही ती पुढे पोहोचली. आपल्यापैकी ज्यांचे बालपण त्या काळातले आहे, त्यांच्या मनात अंध मनुष्य म्हटला की प्रथम त्या सिंहासनावरील राजाचीच मूर्ती उभी राहते.

त्या मूर्तीचा अर्थ काय लावला जातो? राजास डोळे नाहीत म्हणून त्यास पुत्राचे दोष दिसत नाहीत, न्याय दिसत नाही, कुळाचा नाश दिसत नाही. देहाचे अंधत्व हे मनाच्या अंधत्वाचे चिन्ह ठरते. मूळ कथेतही त्याचे अंधत्व मातेच्या वर्तनाशी जोडलेले आहे. व्यासांचे उग्र रूप पाहून अंबिकेने डोळे मिटले, म्हणून पुत्र जन्मांध झाला. पुढे अंध म्हणून त्याचे राज्य धाकट्या पांडूकडे गेले. या अन्यायाची जखम त्याच्या स्वभावात किती खोल गेली असेल, याचा विचार करणारे प्रेक्षक थोडे. 'आंधळा राजा, आंधळे प्रेम' असे म्हणून मोकळे होणारे पुष्कळ.

यात केवळ नाटककारांचा दोष नाही. आपली मायबोलीच या बाबतीत निष्ठुर आहे. अविचारी कारभारास आपण आंधळा कारभार म्हणतो. गलथानपणास 'आंधळे दळते नि कुत्रे पीठ खाते' ही म्हण तयार असते, आणि मुलांच्या खेळातही आंधळी कोशिंबीर असते. दुसऱ्या टोकास जाऊन आपण अंध गायकास सूरदास म्हणतो आणि त्याच्या ठायी दैवी शक्ती कल्पितो. म्हणजे अंध मनुष्य एक तर पापाचे फळ भोगणारा, नाही तर परमेश्वराचा लाडका. मधल्या जागी, जेथे आपण सारे सामान्य माणसे राहतो, तेथे त्यास आपण बसू देत नाही.

तथापि त्याच महाभारतात दुसरे उदाहरणही आहे. दीर्घतमा नामक जन्मांध ऋषीस त्याच्याच मुलांनी तराफ्यास बांधून गंगेत सोडून दिल्याची कथा भीष्म सत्यवतीस सांगतात. वृद्ध आणि अंध पिता पोसावयाचा कोणी, हा तेथे प्रश्न होता. तो तराफा वाहत वाहत बली राजाच्या हाती लागला आणि त्या राजाने ऋषीस सन्मानाने घरी नेले. ऋग्वेदाच्या पहिल्या मंडलातील १४० ते १६४ ही सूक्ते परंपरेने याच दीर्घतम्याच्या नावावर आहेत. ज्यास मुलांनी ओझे मानले तो मंत्रद्रष्टा होता. ही कथा दूरचित्रवाणीवर कोणी रंगविली तर किती चांगले होईल! पण आपल्या वाट्यास वारंवार धृतराष्ट्रच येतो.

पाश्चात्त्य देशांतील नाटकांची तऱ्हाही फारशी वेगळी नव्हती. तेथे शापाच्या जागी चमत्कार आला, इतकेच. अमेरिकेत १९७१ साली 'लाँगस्ट्रीट' ही मालिका सुरू झाली. तिचा नायक स्फोटात दृष्टी गमावलेला विमा-अन्वेषक. २०१८ पासून ऑस्ट्रिया व जर्मनीच्या दूरचित्रवाणीने 'ब्लिंड एर्मिटल्ट' ही चित्रपटमाला दाखविली. तिचा नायक व्हिएन्नातील माजी पोलीस अधिकारी असून त्याचीही दृष्टी स्फोटातच गेली आहे, आणि तो कानांच्या व नाकाच्या बळावर गुन्हेगार शोधतो. अशा कथा रंजक असतात, हे कोणी नाकारणार नाही. परंतु दृष्टी गेली की उरलेली इंद्रिये आपोआप अलौकिक होतात, ही समजूत त्या पसरवितात. वस्तुतः अंध मनुष्याचे कान इतरांहून निराळे घडलेले नसतात. तो त्यांकडे अधिक लक्ष देतो, आणि ते लक्ष वर्षानुवर्षांच्या सरावाने येते. सरावात नाट्य कमी असते, म्हणून पटकथाकार त्याऐवजी चमत्कार योजतो. तोही नसेल तर शेवटच्या भागात शस्त्रक्रिया होते, पट्टी सुटते आणि नायिकेस प्रथम नायकाचा चेहरा दिसतो. यातून प्रेक्षकास नकळत असे शिकविले जाते की, डोळ्यांवाचून सुखाचा शेवट होत नाही.

कोणी म्हणेल, नाटके ती नाटके. त्यांचे एवढे मनावर काय घ्यावयाचे? याचे उत्तर जर्मनीच्या इतिहासात आहे, आणि म्युनिक नगरीस ते विसरून चालणार नाही. कारण नाझी पक्षाचा जन्म त्याच नगरीत झाला. सत्तेवर येताच त्या राजवटीने १४ जुलै १९३३ रोजी आनुवंशिक रोग्यांच्या संततीस प्रतिबंध करणारा कायदा केला. त्यातील यादीत आनुवंशिक अंधत्व स्पष्टपणे घातले होते. त्या कायद्यान्वये सुमारे ४ लाख माणसांची सक्तीने नसबंदी करण्यात आली. पुढे १९४० व १९४१ या दोन वर्षांत सुमारे ७०,००० मनोरुग्ण व अपंग यांस विषारी वायूने ठार मारले गेले. आणि १९४१ सालीच 'इश क्लागे आन' नावाचा एक चित्रपट सर्वत्र दाखविला गेला. त्यात एक असाध्य रोगाने ग्रस्त झालेली स्त्री स्वतःच मरण मागते आणि तिचा पती ते तिला देतो. नायिका अंध नव्हती, आणि कथा पाहणाऱ्याच्या डोळ्यांत पाणी आणील अशी होती. परंतु रोग्यांस मारणे ही दयाच होय, हे लोकांच्या मनावर बिंबविण्यासाठी ती योजलेली होती. म्युनिकमध्ये पक्षाचे मुख्यालय जेथे उभे होते, त्याच जागी २०१५ साली त्या काळाचा इतिहास सांगणारे दस्तऐवज केंद्र उघडण्यात आले आहे. कोणते जीवन जगण्यास योग्य, हा निवाडा करण्याच्या कामी नाटकाचा कसा उपयोग होतो, हे यावरून समजते.

माणसाची किंमत त्याच्या देहावरून करण्याची रीत आपणांसही अपरिचित नाही. आपले पूर्वज मुंबई बंदरातून मॉरिशसकडे निघाले तेव्हा त्यांची वैद्यकीय तपासणी होत असे. जो धट्टाकट्टा, उसाच्या मळ्यात राबू शकेल असा, तो करारास योग्य; जो दुबळा अथवा रोगी, तो मागे राही. १८३४ पासून पुढे जवळजवळ ५ लाख मजूर या बेटावर उतरले. २००६ साली जागतिक वारसा ठरलेल्या आप्रवासी घाटाच्या पायऱ्या चढलेले सारे असे निवडलेले देह होते. ही तपासणी आणि जर्मनीतील ते क्रौर्य यांची तुलना मी करीत नाही. परंतु रत्नागिरी-साताऱ्याकडच्या एखाद्या खेड्यात कोणाची अंध आई, कोणाचा अधू भाऊ ओसरीवर बसून राहिला असेल, आणि वंशावळीच्या कागदांत त्यांचे नाव कोठेच आले नसेल, हे आपण ध्यानात ठेवावे. कामास येतो तोच माणूस, या हिशेबाचे दुःख मजुरांच्या वंशजांस समजणार नाही तर कोणास समजेल?

असो. आता म्युनिकमधील त्या कार्याकडे वळू, ज्यास मी संजयाची विद्या म्हणतो.

अंधांस चित्रपटाचा आस्वाद घेता यावा, यासाठी संवादांच्या मधल्या शांत जागांत पडद्यावरील घडामोडींचे थोडक्या शब्दांत वर्णन ऐकवावयाचे, ही कल्पना अमेरिकेत १९७० नंतरच्या दशकात ग्रेगरी फ्रेझियर यांनी मांडली आणि सॅन फ्रान्सिस्को येथील प्राध्यापक ऑगस्ट कोपोला यांनी तीस पाठबळ दिले. १९८९ साली फ्रान्समधील कान महोत्सवात तिचे प्रात्यक्षिक झाले. त्याच वर्षी म्युनिकच्या चित्रपट महोत्सवात जर्मन भाषेतील असा पहिला चित्रपट सादर करण्यात आला. जर्मनांनी त्यास 'हॉर्फिल्म' म्हटले; आपण श्रवणपट म्हणू. योगायोग असा की, त्यासाठी निवडलेला चित्रपट होता 'सी नो ईव्हिल, हिअर नो ईव्हिल' हा अमेरिकन विनोदी चित्रपट. त्यात रिचर्ड प्रायर या नटाने अंधाची आणि जीन वाइल्डर याने बहिऱ्याची भूमिका केली आहे. दोघेही नट डोळस आणि ऐकू येणारे. अंधाचे सोंग पाहून डोळस लोक हसत आले होते. आता खरे अंध प्रेक्षक ते सोंग ऐकावयास बसले.

१९९३ साली जर्मनीच्या झेड. डी. एफ. या वाहिनीने पहिला श्रवणपट घरोघरी प्रक्षेपित केला. तत्पूर्वी दूरचित्रवाणी संचांत दोन ध्वनिमार्गांची सोय झालेली होतीच. त्यांपैकी दुसऱ्यावर वर्णन जाई, ज्यास हवे त्याने ते लावावे. १९९७ साली म्युनिक येथील बायरिशर रुंडफुंक या बव्हेरियाच्या प्रक्षेपण संस्थेने या कामासाठी स्वतःचा विभाग उभारला. बर्न्ड बेनेके हे त्या विभागाशी दीर्घकाळ निगडित आहेत. एल्मार डॉश यांच्यासह त्यांनी या विद्येवर लिहिलेले पुस्तक जर्मनीत प्रमाण मानले जाते.

या म्युनिकच्या रीतीत एक वैशिष्ट्य आहे आणि माझ्या मते तेच सर्वांत मोलाचे. वर्णन लिहावयास तिघे बसतात. दोघे डोळस आणि एक अंध. डोळस दोघे काय दिसते ते सांगतात. अंध सहकारी काय कळले नाही ते सांगतो, आणि काय सांगण्याची गरज नव्हती तेही सांगतो. दार वाजल्याचा आवाज ऐकू आला असेल तर दार वाजले हे सांगावयाचे नाही. पात्र आवाजावरून ओळखू आले असेल तर त्याचे नाव पुन्हा घ्यावयाचे नाही. परंतु एखादा मनुष्य खोलीत मुकाट्याने आला तर ते सांगितलेच पाहिजे, नाही तर पुढचा घोटाळा उलगडणार नाही. संवादावर शब्द चढवावयाचा नाही. चार क्षणांच्या जागेत जे बसेल तेच, आणि त्यातले महत्त्वाचे आधी.

दुसरा नियम असा की, वर्णनकाराने निवाडा देऊ नये. 'तो दुःखी झाला' असे म्हणण्यापेक्षा 'त्याने मान खाली घातली' असे म्हणावे. दुःख ओळखणे ऐकणाऱ्यावर सोपवावे. येथे आपला संजय या जर्मन वर्णनकारांहून निराळा आहे. भीष्मपर्व वाचले तर आढळते की, संजय दहा दिवसांच्या युद्धानंतर रणभूमीवरून परत येतो, भीष्म पडल्याची वार्ता प्रथम सांगतो आणि मग आरंभापासून वर्णन करतो. मध्ये मध्ये तो राजास खडसावतो, हे सारे तुझ्याच करणीचे फळ म्हणून सुनावतो. आणि राजाही केवळ ऐकत नाही. तो अडवितो, पुन्हा विचारतो, हे कसे घडले म्हणून खुलासा मागतो. व्यासांनी दृष्टी देऊ केली असता स्वकीयांचा संहार पाहवणार नाही म्हणून त्याने ती नाकारली होती, परंतु जाणून घेण्याचा हक्क सोडला नव्हता. तो प्रश्न विचारणारा अंध मनुष्य म्युनिकमध्ये तिसऱ्या खुर्चीवर येऊन बसला आहे.

या खुर्चीचा परिणाम केवळ वर्णनापुरता राहत नाही. अंध प्रेक्षक आहे, तो ऐकतो आहे आणि उद्या त्याचे मत विचारले जाणार आहे, हे एकदा निर्मात्यांच्या ध्यानात आले की खोटे अंध पात्र रंगविणे अवघड होते. ज्यांची थट्टा करावयाची ते सभागृहातच नाहीत, असा विश्वास असतो तोवरच मनुष्य वाटेल ते बोलतो. जर्मनीत २०१३ च्या जानेवारीपासून प्रक्षेपण शुल्काची नवी पद्धत आली. तीपूर्वी अंधांस ते शुल्क माफ असे. नव्या पद्धतीत त्यांनी सुमारे एकतृतीयांश भरावे आणि त्याच्या मोबदल्यात वाहिन्यांनी श्रवणपटांची संख्या वाढवावी, असे ठरले. माफी गेली याचे दुःख अनेकांस झाले असणे स्वाभाविक आहे. तथापि दान घेणारा आणि वर्गणी देणारा यांत फरक असतो, हे सभेची वर्गणी भरणाऱ्या आपल्या सभासदांस वेगळे सांगणे नलगे. वर्गणीदारास तक्रार करण्याचा अधिकार असतो. सायंकाळच्या मुख्य वेळेतील बहुतेक मालिका व चित्रपट आता तेथील प्रमुख सार्वजनिक वाहिनीवर वर्णनासह मिळतात.

पात्रचित्रणातही बदल दिसू लागला आहे. २०१८ च्या सप्टेंबरात ए. आर. डी. या जर्मन वाहिनीवर 'डी हायलांट' ही मालिका सुरू झाली. तिची नायिका रोमी हायलांट ही बर्लिनमधील अंध वकील. या पात्रामागे एक खरी व्यक्ती आहे. पामेला पाब्स्ट या बर्लिनच्या जन्मांध स्त्रीने कायद्याचे शिक्षण घेतले आणि ती फौजदारी खटल्यांत बचाव करणारी वकील झाली. तिचे आत्मकथन २०१४ साली प्रसिद्ध झाले. मालिकेत प्रथम लिझा मार्टिनेक या अभिनेत्रीने ही भूमिका केली. २०१९ साली तिचे अकाली निधन झाल्यानंतर क्रिस्टिना आटेनश्टेट हिने ती पुढे चालविली. दोघीही डोळस, म्हणजे वाट अजून पुरी चाललेली नाही.

परंतु या मालिकेत एक गोष्ट फार चांगली दाखविली आहे. रोमी एकटीच्या अद्भुत सामर्थ्यावर खटले जिंकत नाही. तिच्यासोबत आडा नावाची सहायक असते, जी कागदपत्रे वाचून दाखविते, समोर काय चालले आहे ते सांगते. जर्मन कायद्याप्रमाणे नोकरी-व्यवसाय करणाऱ्या अपंगास अशा सहायकासाठी साहाय्य मागण्याचा हक्क आहे. म्हणजे अंध वकील उभी राहते ती चमत्काराने नव्हे, तर शिक्षण, सराव आणि शासनाने केलेली सोय यांच्या बळावर. चमत्कार सांगणाऱ्या मालिका पाहून समाज टाळ्या वाजवितो आणि घरी जातो. सोय दाखविणारी मालिका पाहून, आमच्याकडे ही सोय का नाही, असे विचारावेसे वाटते.

दुसरी कथा खुद्द म्युनिकमध्ये घडविलेली आहे आणि आपणांस ती अधिक जवळची वाटेल. सालिया काहावाट्टे याचे वडील श्रीलंकेतील सिंहली व आई जर्मन. पौगंडावस्थेतच दृष्टिपटल सुटल्यामुळे त्याची बहुतेक दृष्टी गेली. पुसट छायांपलीकडे त्यास फारसे दिसेना. तरीही त्याने ते लपवून हॉटेलच्या व्यवसायाचे शिक्षण घेतले आणि वर्षानुवर्षे डोळस म्हणून नोकरी केली. त्याच्या आत्मकथनावरून निघालेला जर्मन चित्रपट २०१७ च्या जानेवारीत प्रदर्शित झाला. मार्क रोथेमुंड यांनी दिग्दर्शिलेल्या त्या चित्रपटात कोस्त्या उल्मान हा नट नायक आहे, आणि कथेचे स्थळ म्युनिकमधील बायरिशर होफ हे प्रख्यात हॉटेल. तो पावले मोजतो, खोल्या व वस्तूंच्या जागा पाठ करतो, मित्राच्या मदतीने वेळ निभावून नेतो.

चित्रपटात या लपवालपवीचा बराच विनोद केला आहे. परंतु परदेशी चेहऱ्याच्या माणसास हसता हसता तिचे मर्मही कळते. आपले उच्चार कोणास समजू नयेत, आपले घरचे अन्न कोणी पाहू नये, आपण इतरांसारखेच आहोत असे भासावे, म्हणून दुप्पट कष्ट करणारी पिढी आपल्यातही होऊन गेली. ज्यास नाकारले जाण्याचे भय असते तोच लपवितो. खऱ्या काहावाट्टे यांनी त्या ओझ्याची किंमत आजाराने आणि व्यसनाने मोजली, आणि सत्य उघड केल्यावरच त्यांस नवे आयुष्य उभारता आले. तेव्हा त्याच्या धैर्याचे कौतुक करताना, ते धैर्य त्यास का दाखवावे लागले, हेही विचारले पाहिजे.

भारतात हा विचार पूर्वीच एका मराठी लेखिका-दिग्दर्शिकेने केला होता, याचा आपणांस अभिमान वाटावा. सई परांजपे यांच्या १९८० सालच्या 'स्पर्श' या हिंदी चित्रपटात नसीरुद्दीन शाह यांनी अंधशाळेच्या अंध मुख्याध्यापकाची भूमिका केली आहे. तो मुख्याध्यापक मानी आहे, रागीट आहे, प्रेमात पडतो, चुकतो. कोणी दयेपोटी मदत केली की तो संतापतो, आणि त्या संतापात कधी कधी अन्यायही करतो. अंध मनुष्यास दोष असण्याचा अधिकार त्या चित्रपटाने दिला. २००४ साली प्रदर्शित झालेला संदीप सावंत यांचा 'श्वास' हा मराठी चित्रपटही आठवावा. त्यात डोळ्यांच्या कर्करोगाने ग्रासलेल्या कोकणातील बालकाचे प्राण वाचविण्यासाठी डोळे काढावे लागणार असतात, आणि अरुण नलावडे यांनी रंगविलेला आजोबा शस्त्रक्रियेपूर्वी त्यास एक दिवस जग दाखवावयास घेऊन जातो. अंधत्व टळत नाही, पट्टी सुटून दृष्टी येत नाही. तरी ती कथा जगण्याचीच आहे.

आता आपल्या घराकडे. मॉरिशसमध्ये मधुमेहाचे प्रमाण किती मोठे आहे, हे प्रत्येक कुटुंब जाणते. त्या रोगाने डोळ्याचा पडदा बिघडतो, आणि आयुष्यभर डोळस राहिलेला मनुष्य उतारवयात अंध होतो. तेव्हा अंध पात्र म्हणजे दूरच्या मालिकेतील कोणी परका नव्हे; तो आपला काका असेल, आपली आजी असेल, उद्या आपणही असू. ती आजी गणेशोत्सवातील नाटकास येते, कोपऱ्यात बसते. सारे हसले की, काय झाले म्हणून शेजारणीस विचारते, आणि शेजारीण 'मग सांगते' म्हणते. ते सांगणे बहुधा राहूनच जाते.

वर्गात मराठी शिकविताना मी कधी कधी मुलांच्या जोड्या करितो. एकाने पडद्याकडे पाठ करून बसावे आणि दुसऱ्याने नाटकातील प्रसंग त्यास सांगावा. प्रथम मुले म्हणतात, 'तो दुष्ट माणूस आला.' पाठमोरा मुलगा विचारतो, 'दुष्ट कशावरून?' मग सांगणाऱ्यास थांबावे लागते, पाहावे लागते, शब्द शोधावे लागतात. त्याने दार हळूच लावून घेतले, मागे पाहिले, खिशात हात घातला. दिसले काय आणि आपण ठरविले काय, यांतला भेद मुलांस या एका खेळाने जितका उमगतो तितका माझ्या व्याख्यानाने उमगत नाही. आणि मराठी शब्दसंपत्ती वाढते, हा लाभ निराळाच.

यासाठी म्युनिकसारखी यंत्रसामग्री लागतेच असे नाही. आपल्या पूर्वजांपैकी अनेकांस अक्षरओळख नव्हती. एकाने पोथी वाचावी आणि दहांनी ऐकावी, अशा रीतीने त्यांनी रामायण-महाभारत या बेटावर जिवंत ठेवले. अभंग, गोष्टी आणि जाखडीची गाणी त्यांनी कानांनीच पुढच्या पिढीच्या हाती दिली. ऐकणे ही आपल्यासाठी उणी गोष्ट नव्हे. आपला वारसा त्याच वाटेने आला आहे. म्हणून सभेच्या चालकांस माझी अशी विनंती आहे की, वार्षिक नाटकाच्या वेळी ज्यांस दिसत नाही त्यांस एका बाजूस एकत्र बसवावे, आणि स्पष्ट उच्चाराच्या एका तरुणास त्यांच्याजवळ बसवून हलक्या आवाजात वर्णन करावयास सांगावे. त्या तरुणाने नाटकाच्या तालमी आधी पाहाव्यात, म्हणजे संवादांमधल्या मोकळ्या जागा त्यास ठाऊक होतील.

आणि तालमीस एखाद्या अंध सभासदासही बोलवावे. काय कळले नाही ते त्याने सांगावे, आणि नाटकात अंध पात्र असेल तर ते कोठे खोटे वाटते तेही सांगावे. असे झाले तर पुढील वर्षीचे नाटक सर्वांस अधिक चांगले कळेल, डोळसांसही.